थोरल्याला सासरी ठेवून माहेरी जाऊ का?

प्रश्न : मी सांगलीची. मला सातवा लागलाय, थोरला मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. बाळंतपणाला माहेरी कराडला जायचंय, पण सासूबाई म्हणतात त्याला इथेच ठेव, तुझ्या आईला दोन्ही झेपायचं नाही आणि त्याची प्लेस्कूलही बुडेल. तो रात्री माझी ओढणी हाताला गुंडाळल्याशिवाय झोपत नाही. हल्ली बाळाचा विषय निघाला की टेबलाखाली जाऊन बसतो. काय करू?

उत्तर : सोबत घेऊन जा ताई. प्लेस्कूल बुडली तर बुडू दे. माझ्या दुसऱ्या वेळी मी मोठीला दीड महिना सासरी ठेवलं होतं, सगळ्यांच्या सोयीचं म्हणून, आणि बाळ घेऊन परत आले तर ती दारात आजीचा पदर धरून उभी, मी हात पुढे केला तरी येईना, चार-पाच दिवस माझ्या हातून घास घेतला नाही तिने. ते मला अजून खुपतं. तुझ्या आईला झेपणार नाही हे सासूबाईंचं म्हणणं खोटं नाहीये, म्हणून त्यांनाच आठ-दहा दिवस कराडला बोलव, त्याला सवयीचं माणूस मिळेल, आणि त्याचे बाबा दर शनिवार-रविवार येऊ देत.

ओढणीचं मात्र आत्ताच बघ. आजपासून बाबांजवळ झोपायची सवय लाव, ओढणी देऊन टाक त्याला, पण बाळ आल्यावर अचानक बाजूला झोपवू नको, त्याला वाटणार बाळाने जागा घेतली. डायपर सोडवणं, शाळा बदलणं असलं काही नवीन या दोन-तीन महिन्यांत काढू नका.

टेबलाखाली का जातो ते शोध. बहुतेक कुणीतरी गमतीत म्हणालं असेल, ‘आता आई बाळाची, तुला कोण घेणार?’ ही गंमत घरात बंद करा, पाहुण्यांनाही स्पष्ट सांगा. ‘भाऊ हवा की बहीण’ हेही विचारू नका, तो भाऊ म्हणणार आणि बहीण झाली की हिरमुसणार. दोन-तीन महिने म्हणजे काय हे त्याला कळत नाही, त्यापेक्षा आधी गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी आणि मग बाळ, असं सांग. आणि बाळ लगेच खेळणार नाही, नुसतं रडणार, पिणार, झोपणार हेही आधीच सांगून ठेव.

तो दवाखान्यात पहिल्यांदा येईल तेव्हा बाळ पाळण्यात असू दे, तुझे हात मोकळे हवेत. सिझर झालं तर साधारण 6 आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं, म्हणून स्टूलवरून कॉटवर चढून कुशीत यायला त्याला आत्तापासून शिकव. नवं बाळ दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पितं, तेवढ्या वेळा तू अडकणार, तर एक डबा कर, गाड्या, खडू, थोडे चुरमुरे, आणि तो डबा फक्त तू पाजायला बसलीस की उघडायचा. परत चड्डीत शू झाली, बोबडं बोलायला लागला तर रागवू नका, जातं ते हळूहळू. सर्दी असेल तर बाळाच्या तोंडाची पापी नाही, पायाची घ्यायची. आणि दोघांना एकटं सोडून दोन मिनिटंही आत जायचं नाही, तो कितीही मायेने वागत असला तरी, झोळीला जोरात झोका द्यायला त्याला वेळ लागत नाही.

बारशाला घुगऱ्यांची वाटी त्याच्या हातात द्या, सगळ्यांना त्यानेच वाटू देत, सांडल्या तर सांडल्या.