वेबसाइटचं साल पाडव्याला ठरवा

प्रश्न : ताई, मी उदगीरला राहून वेबसाइट बनवतो. सहा वर्षांत २३ साइट झाल्या. डाळमिल, मोंढ्यातले अडते, दोन दवाखाने, क्लासेस. साइट दिली की पैसे मिळतात, पण काम तिथं संपत नाही. नंबर बदल, फोटो टाक, "साइट उघडंना, बघ की रं, पाच मिनटाचं काम हाय." रात्री दहालाही फोन. पैसे मागितले की "साइट तूच केलीस ना?" महिन्याचे आठ-दहा दिवस यातच जातात. फुकटचा सालगडी झाल्यासारखं वाटायलंय. नाही कसं म्हणू?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : भाऊ, सालगड्याचं तुम्ही सहज लिहिलंत, पण उत्तर तिथंच आहे. आपल्याकडे सालगड्याचंही साल पाडव्याला ठरतं. पैसे किती, धान्य किती, उचल किती, हे आधी बोललं जातं. तुमचं काहीच ठरलेलं नाही. गिऱ्हाईक तुम्हाला लुबाडतंय असं मला वाटत नाही. साइट म्हणजे दुकानावरचा बोर्ड, एकदा लावला की झालं, अशी त्याची समजूत आहे. ती आपणच करून दिलेली असते.

माझी चूक सांगते. लातूरच्या एका क्लासची साइट माझ्याकडे होती. देखभालीचं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून वर्षभर मी आत डोकावलेच नव्हते. जूनमध्ये, ऐन प्रवेशाच्या गर्दीत, सरांचा फोन आला की फॉर्म फार हळू उघडतोय. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे साइट ज्यावर बनवली त्या सॉफ्टवेअरमध्ये गेले तर अकरा प्लगिन, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, जुने झालेले. बॅकअप, म्हणजे साइटची राखीव प्रत, न घेता सगळ्यांवर टिक करून अपडेट दाबलं. पान पांढरं झालं, त्यावर गंभीर त्रुटीची एक ओळ. साइट आतून चालवायचं पान, डॅशबोर्ड, तेही उघडेना. मग होस्टिंगच्या, म्हणजे साइट ठेवायला भाड्यानं घेतलेल्या जागेच्या, फाइल मॅनेजरमध्ये जाऊन प्लगिनच्या फोल्डरांची नावं एकेक करून बदलत गेले. नाव बदललं की ते प्लगिन बंद होतं. सातव्या फोल्डरला साइट उभी राहिली. नेमकं फॉर्मचंच प्लगिन. तोवर रात्रीचे दोन वाजले होते. सर ओरडले नाहीत. सकाळी एवढंच म्हणाले, "काल किती पोरं फॉर्म न भरता गेली असतील?" ते मला अजून टोचतं.

म्हणून गिऱ्हाइकाला नुसतं 'मेंटेनन्स' म्हणू नका, काम सांगा. महिन्यातून एक ठरलेला दिवस. आधी बॅकअप, आणि त्याची प्रत होस्टिंगच्या बाहेर, कारण सर्व्हर गेला की त्यावरचा बॅकअपही जातो. मग एकेक प्लगिन अपडेट करायचं, प्रत्येकानंतर साइट मोबाइलवर उघडून बघायची. शेवटी फॉर्म स्वतः भरून मेल पोचला का ते तपासायचं. फॉर्म दिसतो पण मेल जात नाही, हे महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं त्या पीएचपीची आवृत्तीही बघा. ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला, तरी जुन्या साइट तिच्यावर चाललेल्या सापडतात. साइट सुरक्षित असल्याचं लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट थोड्याच दिवसांचं असतं. ते आपोआप नवं होतं, पण होस्टिंग हलवलं की कधी कधी अडकतं, आणि मग ब्राउझर गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाला धोक्याची पाटी दाखवतो.

डोमेनचं, म्हणजे साइटच्या नाव-पत्त्याचं, मी जरा जोर देऊन सांगते. ते मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर आणि मोबाइलवरच हवं. आपल्या खात्यात ठेवून गिऱ्हाईक बांधून ठेवणारे मी पाहिले आहेत. ते चुकीचंच आहे. उद्या तुम्ही आजारी पडलात आणि मुदत टळली, तर त्याचं दुकानाचं नाव जाईल.

पैशाचं म्हणाल, तर १८ हजारांच्या साध्या साइटला मी वर्षाचे सहा हजार आगाऊ घेते. डोमेन-होस्टिंग वेगळं, ते मालक स्वतः भरतो. यात महिन्याला अर्धा तास किरकोळ बदल येतात, नंबर, फोटो, वेळ वगैरे. नवं पान हवं असेल तर त्याचा हिशेब वेगळा. साइट बंद पडली तरच फोन, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. ते मी बुधवारी आणि शनिवारी करते. हे एका पानावर, साध्या मराठीत, दोघांच्या सहीनं.

जुन्या २३ जणांना एकदम फोनवर नाही म्हणू नका. पाडव्याच्या महिनाभर आधी प्रत्येकाकडे तो कागद घेऊन जा, आधी तुमच्यावर सगळ्यात जास्त विश्वास असलेल्या डाळमिलवाल्याकडे. आजवर केलेल्या फुकट कामाचा पाढा वाचू नका, त्यानं माणूस दुखावतो. काही जण नको म्हणतील. त्यांना सगळे पासवर्ड लिहून द्या, बॅकअपची एक प्रत द्या, आणि पुढं लागेल तेव्हा कामागणिक पैसे, आधी, असं शांतपणे सांगा.

मीही त्या जूननंतरच्या पाडव्याला असाच कागद घेऊन लातूरच्या सरांकडे गेले होते. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि खाली पेनानं एक ओळ वाढवली : मे-जूनमध्ये विचारल्याशिवाय अपडेट नको. मग सही केली. ती ओळ आता माझ्या प्रत्येक क्लासच्या कागदावर असते.