पांढऱ्या पेशी जंतूंना खातात, गिळतात की जिरवतात?

खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी एक प्रश्न पाठवला आहे. पांढऱ्या पेशी रोगजंतूंचे काय करतात, असे त्यांनी चाचणीत विचारले होते. मुलांनी चार तऱ्हांनी उत्तरे लिहिली: ‘जंतूंना खातात’, ‘गिळंकृत करतात’, ‘भक्षण करतात’ आणि नुसतेच ‘नष्ट करतात’. वर्गात शिकवताना ‘भक्षण’ हा शब्द वापरला होता म्हणून बाकीच्यांचे गुण कापावेत काय, आणि ही क्रियापदे मराठीत एकमेकांच्या जागी चालतात काय, असे त्यांचे विचारणे आहे.

माझ्या मते गुण कोणाचेच कापू नयेत. मात्र ही क्रियापदे समानार्थी आहेत, असेही मुलांना सांगू नये. या घटनेत एकामागून एक अशा निदान तीन क्रिया होतात आणि तिन्हींसाठी मराठीत वेगवेगळी, रोजच्या बोलण्यातील क्रियापदे आहेत. आपण ‘भक्षण’ या भारदस्त नामाखाली तिन्ही झाकून टाकतो आणि मुलाची अशी समजूत होते की जंतू पेशीच्या आत गेला म्हणजे त्याचा निकाल लागला. तसे नेहमी होत नाही, आणि जेव्हा होत नाही तेव्हाच माणूस दीर्घकाळ आजारी पडतो.

आधी प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. रोपलावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उतरलेल्या माणसाच्या पायात काटा मोडला, की काट्याबरोबर मातीतील जिवाणूही कातडीखाली जातात. दुखावलेल्या ऊतकांतून आणि खुद्द जिवाणूंतून काही रसायने पाझरतात, आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि पाय लाल होऊन सुजतो व ठसठसू लागतो. रक्तातून वाहत चाललेल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी, ज्यांची संख्या प्रौढ माणसात इतर पांढऱ्या पेशींहून अधिक असते, त्या ठिकाणी वाहिनीच्या अस्तराला चिकटतात, अस्तराच्या दोन पेशींमधील फटीतून अंग चोरून बाहेर पडतात, आणि ते रसायन जिकडे दाट असेल तिकडे सरकत काट्यापर्यंत पोचतात. जिवाणूशी गाठ पडताच पेशीच्या पृष्ठावरील ग्राही रेणू त्याला धरतात. तेथील पेशीपटल दोन्ही बाजूंनी पुढे येऊन त्याला लपेटते, आणि कडा जुळल्या की जिवाणू त्या पटलाच्याच एका पिशवीत बंद होऊन आत ओढला जातो. एवढे सगळे काही मिनिटांत होते.

येथवर जिवाणू जिवंतच असतो. त्यानंतर पेशीतील निरनिराळे कण त्या पिशवीला येऊन मिळतात व आपल्याजवळची द्रव्ये तीत ओततात. जिवाणूची भित्तिका फोडणारे लायसोझाइम, प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइमे), आणि जिवाणूला लागणारे लोह बांधून ठेवणारे लॅक्टोफेरिन ही त्यांतील काही. त्याच वेळी पेशी एकदम पुष्कळ ऑक्सिजन खर्च करून सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पुढे क्लोराइडच्या योगाने हायपोक्लोरस आम्ल तयार करते. पावसाळ्यात गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर पाण्यातील जंतू मारणारे जे द्रव्य बनते, ते हेच. हे आम्ल घडवून आणणारे विकर हिरवट रंगाचे असते आणि ते न्यूट्रोफिलमध्ये मुबलक असल्यामुळे पुवाला कधी कधी हिरवी झाक येते. पू म्हणजे बव्हंशी काम आटोपून मेलेल्या न्यूट्रोफिलांचाच गाळ होय.

आता क्रियापदांकडे वळतो. पहिल्या क्रियेला, म्हणजे पटलाने जिवाणूला वेढून धरण्याला, ‘कवळणे’ हे जुने मराठी क्रियापद मला सर्वांत चपखल वाटते. कवळणे म्हणजे कवेत घेणे, मिठी घालून धरणे. शिवाय कवळ म्हणजे घास, आणि तो अर्थ जेवणापूर्वीच्या श्लोकामुळे मुलांच्या ओळखीचा आहे. पेशीला तोंड नाही, दात नाहीत. तिचे धरणे हेच तिचे घास घेणे आहे, आणि हे दोन्ही अर्थ एका शब्दरूपात सापडतात. ‘खाणे’ या क्रियापदात चावणे आणि चव घेणे गृहीत असते, म्हणून ते येथे जरा सैल पडते. बोलताना अर्थातच कोणाचे काही बिघडत नाही. शिवाय आपण मार खातो, शपथ खातो, हवा खातो आणि काही जण पैसेही खातात, त्यामुळे ‘खाणे’ या क्रियापदाची ताणण्याची सवय जुनीच आहे.

दुसरी क्रिया म्हणजे आत घेणे, आणि तिला ‘गिळणे’ हेच नेमके. ‘गिळंकृत करणे’ व्याकरणदृष्ट्या गमतीचे आहे: ‘गिळणे’ हा मराठी धातू घेऊन त्याला ‘अलंकृत’च्या धर्तीवर संस्कृत शेपूट जोडलेले आहे. रूढ झालेल्या शब्दाला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु आज हा शब्द आपण दुसऱ्याची जमीन, वाटा किंवा संस्था बळकावण्यासाठी वापरतो आणि त्यात ‘गेले ते गेलेच, परत मिळायचे नाही’ अशी छटा येते. पेशीच्या बाबतीत तीच छटा दिशाभूल करणारी आहे, म्हणून मी साधे ‘गिळणे’ पसंत करीन.

तिसऱ्या क्रियेला ‘पचवणे’ किंवा ‘जिरवणे’ म्हणावे, आणि या दोहोंत मला ‘जिरवणे’ अधिक आवडते. याचे कारण बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मुलांना चटकन कळेल असे आहे. शेजारचा कन्नडभाषक ‘ऊट जीर्ण आगिल्ल’ म्हणतो तेव्हा जेवण पचले नाही, असे त्याला सांगायचे असते, आणि कन्नड माध्यमाच्या विज्ञानात पचनाला ‘जीर्णक्रिये’ म्हणतात. मराठीत मात्र ‘जीर्ण’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जुनी पोथी किंवा पडके देऊळ येते. संस्कृतात या शब्दाला झिजलेले आणि पचलेले असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने विशेषणात पहिला ठेवला आणि दुसरा ‘अजीर्ण’ व ‘जिरणे’ या शब्दांत जपला. एकाच घरी दोन्ही भाषा कानांवर पडणाऱ्या मुलाला हा दुवा दाखवला, की शब्द पाठ करावा लागत नाही.

गिळणे आणि जिरवणे यांतील अंतर सांगायला या भागात एक आयती कथाही आहे. इल्वल आपला भाऊ वातापी याला मेंढा करून, शिजवून पाहुण्याला वाढत असे. जेवण झाल्यावर त्याला हाक मारली की वातापी पाहुण्याचे पोट फाडून बाहेर येई. अगस्त्य ऋषींनी त्याला खाल्ले तेव्हा इल्वलाने हाक मारण्यापूर्वीच तो त्यांच्या पोटात जिरला होता. बागलकोट जिल्ह्यातील बदामी हीच प्राचीन वातापी, आणि तेथील तलावाला आजही अगस्त्य तीर्थ म्हणतात. आधीच्या सगळ्या पाहुण्यांनी वातापीला खाल्लेच होते, गिळलेही होते. अगस्त्यांचे वेगळेपण जिरवण्यात होते.

क्षयाचा जिवाणू नेमका वातापीच्या वाटेने जातो. तो श्वासाबरोबर फुप्फुसात पोचला, की तेथील मॅक्रोफेज, ज्यांना मराठीत महाभक्षी पेशी म्हणतात, त्याला गिळतात. पण गिळलेल्या जिवाणूची पिशवी आणि पेशीतील लयकारिका, म्हणजे पाचक द्रव्ये भरलेले कण, यांचे मीलनच तो होऊ देत नाही. (लायसोसोमला ‘लयकारिका’ हा शब्द ज्याने कोणी योजला त्याला दाद द्यावी लागते, इतके अर्थवाही पारिभाषिक शब्द फार थोडे आहेत.) पाचक द्रव्ये येऊन पोचत नाहीत, पिशवी पुरेशी आंबट होत नाही, आणि जिवाणू ज्या पेशीने त्याला संपवायचे तिच्यातच वस्ती करतो, वाढतो आणि ती मेली की बाहेर पडतो. पुष्कळ जणांत शरीर अशा पेशींभोवती इतर पेशींचे कडे करून त्याला वर्षानुवर्षे कोंडून ठेवते, आणि प्रकृती खालावली की तो पुन्हा डोके वर काढतो. येथे ‘पांढऱ्या पेशींनी जंतूंचे भक्षण केले’ हे वाक्य म्हटले तर खरे आहे आणि म्हटले तर खोटे आहे. ‘गिळले, पण जिरवता आले नाही’ या वाक्यात मात्र क्षयाचे अर्धे विकृतिशास्त्र येते.

मग ‘भक्षण’ हा शब्द आला कोठून? तो मूळ परिभाषेचाच वारसा आहे. रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे राहत होते. त्याच वर्षी बर्लिनमध्ये जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू जाहीर केला होता. मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या होत्या. त्यापूर्वी खालच्या वर्गातील प्राण्यांच्या पेशी अन्न कसे पचवतात याचा त्यांनी अभ्यास केलेला होता, म्हणून या गर्दीकडे पाहताना त्यांच्या मनात पचनाचाच विचार आला. व्हिएन्नाचे प्राध्यापक क्लाउस यांनी त्यांना ग्रीकमधून ‘फॅगोसाइट’ हा शब्द सुचवला: ‘फॅगेन’ म्हणजे खाणे आणि ‘कायटोस’ म्हणजे पोकळ भांडे, जे पुढे पेशीसाठी रूढ झाले. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह यांना पाउल एर्लिख यांच्यासह मिळाले. म्हणजे ‘भक्षण’ हे भाषांतर चुकीचे नाही. सबंध प्रक्रियेचे नाव म्हणून ते ठेवावेच, फक्त प्रक्रियेचे वर्णन करताना त्या एका शब्दावर थांबू नये.

याच घराण्यातला आणखी एक शब्द आपल्याकडच्या वाचकाला विशेष रुचेल. न्यूमोनियाच्या जिवाणूसारख्या काही जिवाणूंभोवती शर्करेचे निसरडे आवरण असते आणि पेशीला ते नीट धरता येत नाहीत. अशा वेळी रक्तातील प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने त्या आवरणाला चिकटतात व पेशीला धरायला जागा मिळते. लंडनमध्ये जंतुशास्त्रज्ञ आल्मरॉथ राइट यांनी १९०३ साली अशा द्रव्यांना ‘ऑप्सोनिन’ हे नाव दिले. ते ग्रीक ‘ऑप्सॉन’वरून आलेले आहे, आणि ऑप्सॉन म्हणजे भाकरीबरोबर खायचे तोंडीलावणे, आमच्याकडच्या खेड्यांत ज्याला सरळ ‘कोरड्यास’ म्हणतात तेच. नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही, ही अडचण अथेन्सच्या माणसाला जशी होती तशी निपाणीच्या माणसालाही आहे. परिभाषाकारांनी या द्रव्यांसाठी एखादा जडजंबाल शब्द घडवण्यापेक्षा ‘ऑप्सोनिन’ तसेच ठेवून त्याचा अर्थ सांगावा, असे मला वाटते.

‘नष्ट करतात’ या उत्तराविषयी थोडेच. ते परिणाम सांगते, रीत सांगत नाही. रीत न सांगता जंतू नष्ट करण्याचे काम साबणाचे पाणीही करते. शिवाय जिरवलेल्या जंतूचे सगळेच नष्ट होत नाही: महाभक्षी व त्यांच्यासारख्या काही पेशी त्याच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठावर मांडून इतर पांढऱ्या पेशींना दाखवतात, आणि पुढच्या वेळी ओळख पटावी याची तजवीज तेथूनच सुरू होते. पांढऱ्या पेशींना ‘शिपाई’ म्हणण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती बेळगावसारख्या लष्करी ठाण्याच्या गावात सोयीची वाटते खरी. पण शिपाई शत्रूला गिळत नाही आणि त्याचे अवशेष अंगावर बाळगून ओळखीसाठी हिंडतही नाही, तेव्हा ती उपमा फार पुढे नेऊ नये.

जाता जाता, ‘गळू पिकले’ या नेहमीच्या वाक्याकडेही मुलांचे लक्ष वेधावे. ‘पिकणे’ आणि ‘पचणे’ ही दोन्ही क्रियापदे ‘पच्’ या एकाच संस्कृत धातूची आहेत, पहिले ‘पक्व’वरून आणि दुसरे ‘पच्यते’वरून. त्या धातूत शिजणे, पिकणे आणि पचणे हे तिन्ही अर्थ होते. पिकलेल्या गळवाच्या आत खरोखरच पचन चाललेले असते, त्यामुळे येथे बोलीतला शब्द शास्त्राच्या फार जवळ उभा आहे.

राहिला प्रश्न पेशीच्या नावाचा. ‘भक्षकपेशी’ आणि ‘भक्षिपेशी’ दोन्ही चालतील. दुसऱ्यात ‘क्षि’ ऱ्हस्व लिहावा, कारण ‘भक्षिन्’ हा इन्नन्त, म्हणजे शेवटी ‘इन्’ असलेला, संस्कृत शब्द समासात पूर्वपदी आला की ‘प्राणिसंग्रहालय’ किंवा ‘विद्यार्थिगृह’ यांप्रमाणे ऱ्हस्वच राहतो. ‘भक्षी’ हा शब्द एकटा असेल किंवा ‘महाभक्षी पेशी’सारखा सुटा लिहिला असेल, तर तो दीर्घ. ‘भक्ष्यपेशी’ असे मात्र लिहू देऊ नये, कारण भक्ष्य म्हणजे जे खायचे ते, आणि मग जंतू व पेशी यांची अदलाबदल होते. जुन्या मराठी ग्रंथांत ‘पेशी’ऐवजी ‘कोशिका’ आढळेल आणि कन्नड पुस्तकात ‘जीवकोश’. हिंदीच्या पुस्तकात मात्र ‘पेशी’ म्हणजे स्नायू, हे तिन्ही भाषा शिकणाऱ्या आपल्या मुलांना एकदा स्पष्ट सांगून ठेवावे.