जुन्या कपड्यांच्या दुकानातून आपल्यासारख्यांनी विकत घ्यावं का? आणि नागपुरात जुने कपडे द्यायचे कुठे?

घ्यावं. बिनधास्त घ्यावं. "आपण घेतलं तर गरिबाचा वाटा जातो ना?" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. हेच वाक्य मी चार वर्षं माझ्या जाऊबाईंच्या तोंडून ऐकतेय, म्हणून उत्तर लिहायला बसले.

पश्चिम नागपुरात आम्ही दहा-बारा बायका असं एक दुकान चालवतो. दुकान कसलं, एका कारच्या गॅरेजएवढी जागा. दर शनिवारी माल निवडायला मी बसते. विक्रीच्या पैशातून वस्तीतल्या मुलींची शिकवणी चालते. आमच्याकडे कपड्यांचा तुटवडा कधीच नसतो, गिऱ्हाइकाचा असतो. तुम्ही दोनशेचा कुर्ता नेलात तर शिकवणीच्या बाईंचा पगार निघतो. तुम्ही नेला नाहीत तर तो कुर्ता तिथेच लटकत राहतो, कारण गरजू माणूस कुर्ता शोधत आलेला नसतो. त्याला जाड पँट हवी असते, चादर हवी असते, थंडीच्या दोन महिन्यांसाठी स्वेटर हवा असतो.

आता जाऊबाई. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवरासावरीत त्यांनी ऑटोने तीन गोण्या पाठवल्या. आधी फोन करून "तुमच्या दुकानाला दान पाठवते" असं चार वेळा सांगितलं. पहिल्या दोन गोण्यांत निघाले नाडी नसलेले परकर, भासऱ्यांच्या, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांच्या, बनियन काखेत पिवळ्या पडलेल्या, एका पायाची चप्पल, झाकणाविना मिक्सरचं भांडं आणि एक उशी. उशीचं वर्णन करत नाही. तिसऱ्या गोणीत, सगळ्यात खाली, सासऱ्यांचा कोट होता.

सासरे एम्प्रेस मिलमध्ये विणकाम खात्यात होते. कोणतंही कापड दिसलं की अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळायचे आणि भाव सांगायचे. माझ्या शालूचा पदर त्यांनी भर मांडवात चोळून पाहिला होता. कोट करड्या लोकरीचा. आतला खिसा उसवला तेव्हा घरात करडा दोरा नव्हता म्हणून सासूबाईंनी तो हिरव्या दोऱ्याने शिवला होता. तो हिरवा टाका दिसला आणि मी खुर्चीवर बसलेच. खिशात सुपारीची दोन खांडं होती.

आमच्याकडे तेव्हा कोट दीडशेला जायचा. मी दीडशे रुपये पेटीत टाकले, पावती फाडली आणि कोट घरी आणला. पहिल्या दोन गोण्या दुसऱ्या दिवशी ऑटोनेच जाऊबाईंना परत पाठवल्या. मिक्सरच्या भांड्यासकट.

संध्याकाळी फोन. "काय वं, दान केलेलं कोणी वापस पाठवते का? दान की बछिया के दाँत नहीं गिनते!" मग खरा मुद्दा आला. "अन् कोट बरा ठेवून घेतला तू! गरिबाच्या वाट्याचा होता थो."

मी म्हटलं, "बाई, गोणीत भरायच्या आधी धाकट्या भावाले एक फोन केला असता त झालं असतं." तेव्हापासून आम्ही लग्नाकार्यात भेटतो तेवढंच.

तुम्ही विचारलंत द्यायचं कुठे. कुठे द्यायचं त्याआधी काय द्यायचं ते बघा, बाकीचं आपोआप होतं. तुमच्याच बहिणीला देताना लाज वाटेल ते आम्हालाही देऊ नका. धुऊन द्या, चेन लावून बघा, खिसे उलटे करा. डांबरगोळ्यांचा वास आठ दिवस जात नाही, ऊन दाखवून आणा. शाळेचे गणवेश मे-जूनमध्ये द्या. आपल्या विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, तोवर खपतात. स्वेटर एप्रिलमध्ये आणून टाकू नका, ठेवायला जागा नाही. साड्या कितीही द्या, गोधडीसाठी लगेच जातात. ब्लाउज मात्र कोणी घेत नाही, मापाचा असतो. फाटकं सुती कापड वेगळं बांधून त्यावर तसं लिहा, गॅरेजवाले पुसायला किलोवर नेतात. पॉलिस्टर त्यांनाही नको. मग ते कुठे जातं? भांडेवाडीच्या ढिगावर. म्हणजे तुमचं दान आमच्या खर्चाने कचऱ्यात जातं.

आमच्या विदर्भातल्या गाडगेबाबांना लोक चिंधेबुवा म्हणायचे. स्वतःच्या अंगावर चिंध्या घालायचा अधिकार त्यांचा होता. दुसऱ्याच्या अंगावर त्या चढवून पुण्य मोजायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दिल्लीची गूंज संस्था बघा. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये काढली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. ते लोक गावात कपडे फुकट उधळत नाहीत. गाव विहीर खणतं, रस्ता करतं आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतं. घेणाऱ्याची मान वर राहते. हे मी जाऊबाईंना सांगायला गेले होते, पण त्यांनी फोन ठेवला होता.

बरं, द्यायची ठिकाणं. कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायांना हसू नका. त्या धुऊन, रफू करून, इस्त्री मारून आठवडी बाजारात विकतात, आमच्यापेक्षा जास्त मेहनत घेतात. कामवाल्या बाईंना द्यायचं तर आधी विचारा, "हवंय का?" नाही म्हणाल्या तर राग मानू नका. आणि आमच्यासारखं दुकान जवळ असेल तर आधी फोन करून सध्या काय घेताय ते विचारा.

एक मात्र कबूल करते. माल निवडणाऱ्या बाईने गोणीतून निघालेली वस्तू त्याच दिवशी स्वतः घेऊ नये, हे जाऊबाईंचं म्हणणं नियम म्हणून बरोबर होतं. आता आमच्याकडे प्रत्येक वस्तू आठ दिवस बाहेर लटकते, मगच आम्हा बायकांना घेता येते. तो नियम मीच मांडला. त्यांना सांगितलेलं नाही, आणि कोट आठ दिवस लटकला असता तर कोण घेऊन गेलं असतं हा प्रश्न वेगळाच.

आमचे हे तो डिसेंबरात घालतात. मागच्या वर्षी एका मुंजीत भासरे शेजारी येऊन बसले. बोलले काही नाहीत, बाहीचं कापड अंगठा-बोटात धरून जरासं चोळलं आणि जेवायला उठले. जाऊबाई समोरच होत्या. दीडशेची पावती माझ्या पर्समध्ये होती, आहे, दाखवायची वेळ मात्र अजून आलेली नाही.