सेंट आइव्हजसारख्या छोट्या बंदरगावात इतके कलाकार का स्थायिक झाले?

इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या या गावाबाबत समुद्रावरून परावर्तित होणारा स्वच्छ उजेड हे कारण नेहमी सांगितले जाते; माझ्या मते मात्र १८७७ मध्ये आलेली रेल्वे आणि तारलीची मासेमारी ओसरल्यावर रिकामे पडलेले, जाळी ठेवायचे माळे अधिक निर्णायक ठरले, कारण छताला मोठी खिडकी बसवली की माळ्याची चित्रशाळा होई. १९२० मध्ये कुंभार-कलाकार बर्नार्ड लीच आणि शोजी हमादा यांनी तेथे कुंभारकामाची भट्टी उभारली, १९३९ मध्ये शिल्पकार बार्बरा हेपवर्थ आल्या. सर्वांत विलक्षण अर्थात गावातच राहणारा आल्फ्रेड वॉलिस: या जुन्या दर्यावर्दीने सत्तरीच्या सुमारास, मिळेल त्या वेड्यावाकड्या पुठ्ठ्यावर, बोटींना लावायच्या रंगाने गलबते रंगवायला घेतली.