फ्रान्समधील ल्यों शहरात एका सत्रासाठी जाताना विषय फ्रेंचमधून घ्यावेत की इंग्रजीतून?

तुम्ही शिरपूर तालुक्यातले असून सध्या पुण्यात अर्थशास्त्रात एम. ए. करत आहात, ल्यों येथील विद्यापीठात एका सत्रासाठी जाण्याची संधी तुम्हाला मिळाली आहे आणि फ्रेंचची बी-१, म्हणजे मध्यम, पातळीची परीक्षाही तुम्ही उत्तीर्ण झाला आहात. तरीही वर्गात बोलले जाणारे फ्रेंच समजेल याची खात्री वाटत नसल्यामुळे तिथे इंग्रजीतून शिकवले जाणारे विषय घ्यावेत की फ्रेंचमधून, गुणांचे नुकसान होईल का, खर्च किती येईल आणि घरच्यांची समजूत कशी घालावी, असे तुम्ही विचारले आहे. मी चोपडा तालुक्यातली आहे. २०२२ मध्ये सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मी ल्योंमध्ये होते आणि माझा विषयही अर्थशास्त्रच होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे मत स्पष्ट आहे. निम्म्याहून अधिक विषय फ्रेंचमधून घ्यावेत. मी निघताना नेमके उलट केले होते आणि लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये, म्हणजे तिकडे कोणते विषय घेणार याच्या करारपत्रात, पाचही विषय इंग्रजीतून शिकवले जाणारे लिहून दिले होते. पहिल्या आठवड्यात वर्गात गेल्यावर दिसले की तिथे स्थानिक विद्यार्थी जवळजवळ नव्हतेच; माझ्यासारखेच एका सत्रासाठी आलेले जर्मन, ब्राझिलियन आणि कोरियन विद्यार्थी होते, तास संपला की सगळे इंग्रजीत बोलत बाहेर पडत आणि संध्याकाळीही त्यांच्याच सोबतीने फिरत. त्यात वाईट काहीच नव्हते, परंतु रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर वसलेल्या त्या शहरात चार महिने राहून तिथल्या एकाही माणसाशी माझा संवाद होणार नाही, हे दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आले. विषय बदलण्याची मुदत सत्र सुरू झाल्यानंतर थोडेच दिवस असते. त्या मुदतीत मी तीन विषय बदलून फ्रेंचमधले घेतले आणि पुण्यातल्या प्राध्यापकांची संमती ईमेलने मागवली. ही संमती लेखी असू द्या, तोंडी होकारावर विसंबू नका.

आता भाषेच्या भीतीबद्दल. तुमच्या घरी अहिराणी बोलतात की गुजरी, हे मला ठाऊक नाही, पण आपल्या भागातून पुण्याला गेलेल्या कोणालाही दुसऱ्याच्या भाषेत वावरण्याचा अनुभव आधीच असतो. आमच्या घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि पुण्यात इंग्रजी. पदवीच्या पहिल्या वर्षी बोलताना ‘आहे’च्या जागी ‘शे’ तोंडात येईल या धास्तीने मी वर्गात कित्येक महिने गप्प बसत असे. ल्योंमधला पहिला महिना मला त्या वर्षासारखाच वाटला आणि त्यामुळेच तो सरेल याची खात्रीही वाटली. ज्यांच्या आयुष्यात घरची भाषा आणि शिक्षणाची भाषा एकच राहिलेली असते, त्यांना परक्या भाषेतले मौन फार जड जाते असे मी तिथे पाहिले; आपल्याला ते मौन ओळखीचे असते.

शिवाय मराठी माणसाला फ्रेंच शिकताना काही गोष्टी सहज पचतात, त्या इंग्रजीच्या आधाराने शिकू नका. निर्जीव वस्तूला लिंग असते हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. ‘त्यु’ आणि ‘वू’ म्हणजे आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’. प्राध्यापकांना, दुकानदाराला, कार्यालयातल्या बाईंना ‘वू’ म्हणायचे आणि सोबतच्या विद्यार्थ्यांना पहिल्या भेटीपासून ‘त्यु’, एवढेच लक्षात ठेवले की पुरते. फ्रेंच आकड्यांनी मला सुरुवातीला फार छळले. सत्तरला ते ‘साठ-दहा’ म्हणतात, ऐंशीला ‘चार-वीस’ आणि नव्वदला ‘चार-वीस-दहा’. पुण्याच्या वर्गात हे पाठ करताना मला रडू येत असे. सुट्टीत घरी गेल्यावर आजी शेणाच्या गोवऱ्या मोजत होती आणि ती ‘चार ईसा’ म्हणाली तेव्हा मला एकदम उलगडा झाला, कारण आपल्याकडची जुनी माणसेही विसांनीच मोजतात आणि ऐंशीचे चार ईसाच होतात. त्यानंतर फ्रेंच आकडा मी कधी चुकले नाही.

प्रत्यक्ष वर्गाचे स्वरूप समजून घेतले तर निम्मी धास्ती जाईल. तिथे एकाच विषयाचे दोन प्रकारचे तास असतात. मोठ्या सभागृहातल्या व्याख्यानात प्राध्यापक दीड-दोन तास सलग बोलतात आणि विद्यार्थी लॅपटॉपवर जवळजवळ शब्दशः उतरवून घेतात. तिथे कोणी तुम्हाला प्रश्न विचारत नाही, पण फळ्यावरही फारसे काही लिहिले जात नाही. दुसरा प्रकार म्हणजे ‘तेदे’, वीस-तीस जणांच्या गटातला सरावाचा तास, जिथे हजेरी घेतात, वाचन तपासतात आणि प्रत्येकाला एकदा तरी ‘एक्सपोझे’ म्हणजे तोंडी मांडणी करावी लागते. व्याख्यान समजत नाही म्हणून खचू नका. शेजारी बसणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी आपली ओळख सांगून टिपणे मागा. मी मागितली तेव्हा एकानेही नकार दिला नाही. माझ्या शेजारी सेनेगलहून आलेली एक मुलगी बसत असे. तिच्या घरी वोलोफ बोलतात आणि फ्रेंच ती शाळेत शिकली. तिचे उच्चार पॅरिसच्या बातम्यांतल्यासारखे नव्हते आणि ती ते लपवतही नव्हती. तिच्यासोबत राहून माझी भीड चेपली.

एक्सपोझेचा विषय निवडताना मात्र आपल्या अनुभवाशी जोडता येईल असा निवडा. मी आर्थिक इतिहासाच्या तासाला ल्योंच्या रेशीम विणकरांचा १८३१ चा उठाव घेतला. या विणकरांना तिथे ‘कान्यू’ म्हणतात आणि त्यांची वस्ती क्रुआ-रूसच्या टेकडीवर होती. १८०४ मध्ये ल्योंच्याच जकारने छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा जो माग तयार केला तो इतका उंच होता की तो मावावा म्हणून तिथली घरे चार-चार मीटर उंच छताची बांधली गेली. ती घरे आजही उभी आहेत आणि त्यांत माणसे राहतात. माग विणकराचा, श्रम विणकराचे, पण सूत व्यापाऱ्याचे आणि मजुरीचा दरही व्यापारीच ठरवणार, अशी रचना होती. १८३१ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने किमान दरांचे पत्रक ठरले, काही व्यापाऱ्यांनी ते मानले नाही, आणि नोव्हेंबरमध्ये विणकर रस्त्यावर उतरले. ‘काम करत जगू, नाहीतर लढत मरू’ ही त्यांची घोषणा होती. काही दिवस शहर त्यांच्या ताब्यात राहिले, नंतर सैन्य आले आणि दरपत्रक रद्द झाले. हे वाचताना मला आपला कापूस दिसत होता. हमीभाव जाहीर झालेला असतानाही खेडा खरेदीत व्यापारी दारात येऊन कमी भाव सांगतो आणि हातात पैसा नसलेला शेतकरी तो घेतो, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. मी मांडणीत विणकरांच्या दरपत्रकाशेजारी हमीभाव ठेवला. माझे फ्रेंच अडखळत होते, परंतु त्या वर्गात कापसाच्या खेडा खरेदीबद्दल माझ्याइतके कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि नंतर वीस मिनिटे प्रश्न विचारले. त्या मांडणीला मला २० पैकी १४ गुण मिळाले.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे गुणांचे, उत्तर द्यायला हवे, कारण सर्वांत मोठे नुकसान इथेच होऊ शकते. फ्रान्समध्ये गुण २० पैकी देतात, १० ला उत्तीर्ण, १२ ला ‘बरे’, १४ ला ‘चांगले’ आणि १६ ला ‘फार चांगले’ समजतात, आणि १६ च्या वर गुण क्वचितच मिळतात. म्हणजे १४ हा तिथे अभिमानाने घरी सांगण्याचा गुण आहे. मी परत आल्यावर इकडच्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाने सरळ पाचाने गुणून १४ चे ७०, १२ चे ६० आणि ११ चे ५५ टक्के केले, आणि माझी श्रेणी एकदम खाली आली. ती दुरुस्त करून घेण्यासाठी मला जवळजवळ तीन महिने अर्ज आणि पत्रे लिहावी लागली. म्हणून जाण्यापूर्वीच, विमानाचे तिकीट काढण्याच्याही आधी, गुणांचे रूपांतर कोणत्या तक्त्याने होणार आणि तिकडचे ३० युरोपीय क्रेडिट इकडच्या किती क्रेडिटबरोबर धरले जाणार, हे विभागप्रमुखांच्या सहीने लिहून घ्या. मला हे कोणी सांगितले नव्हते याचे अजूनही वाईट वाटते.

परतीचे तिकीटही घाईने काढू नका. काही विभागांच्या परीक्षा डिसेंबरमध्ये होतात, काहींच्या जानेवारीत, आणि वेळापत्रक बरेच उशिरा लागते. व्हिसाची तारीखही त्याच हिशेबाने पाहावी लागते, कारण सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी मिळणारा तात्पुरता व्हिसा तिथे वाढवून मिळत नाही. त्याहून लांब मुक्कामाचा व्हिसा असेल तर तिथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन नोंदणी करून तो वैध करावा लागतो. व्हिसासाठी आधी कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेची मुलाखत होते; ती मला सोपी गेली, पण ‘हेच शहर का, हेच विषय का’ याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत तयार ठेवा.

खर्चाविषयी थोडक्यात सांगते. व्हिसासाठी महिन्याला किमान ६१५ युरो हाताशी असल्याचे दाखवावे लागत होते आणि काटकसरीने मला साधारण तेवढेच लागले. यातला कळीचा मुद्दा खोलीचा आहे. क्रूस या सरकारी विद्यार्थी संस्थेच्या वसतिगृहातली नऊ चौरस मीटरची खोली मिळाली तर हिशेब जमतो, बाहेर खोली घ्यावी लागली तर जमत नाही. त्यामुळे तिकडच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा खोलीसाठीचा अर्ज ज्या दिवशी येईल त्याच दिवशी भरा. क्रूसच्याच भोजनालयात त्या वर्षी मला पूर्ण जेवण ३.३० युरोंत मिळत असे. मी शाकाहारी असल्याने ल्योंची प्रसिद्ध खाद्यपरंपरा मला फारशी अनुभवता आली नाही, पण खोलीवर कळण्याचे पीठ आणि घरचा काळा मसाला होता. तिथली काळी वांगी भरीत करण्यासारखी नसतात आणि विजेच्या शेगडीवर ती भाजण्याचा प्रयत्नही करू नका, धुराने इमारतीची घंटा वाजते. ओव्हन असेल तर त्यात भाजा.

दुसरे म्हणजे थंडीपेक्षा अंधाराची तयारी ठेवा. डिसेंबरमध्ये तिथे सकाळी सव्वाआठला उजाडते आणि पाच वाजता मावळते. खानदेशात वाढलेल्या माणसाला ऊन कमी पडेल ही कल्पनाच नसते, पण नोव्हेंबरमध्ये मला कारण नसताना उदास वाटू लागले होते. त्यावर मला लागू पडलेला उपाय एवढाच, की सुट्टीच्या दिवशीही दुपारी बाहेर पडून नदीकाठाने तासभर चालायचे. दिवाळी तशीच एकटीने गेली. ८ डिसेंबरला मात्र संध्याकाळी सगळ्या शहरात लोक काचेच्या छोट्या भांड्यांत मेणबत्त्या लावून खिडक्यांच्या कट्ट्यांवर ओळीने मांडतात. १८५२ मध्ये फुर्विएरच्या टेकडीवर मेरीच्या पुतळ्याचे अनावरण झाले तेव्हापासूनची ही रीत आहे. माझ्या मजल्यावरच्या मुलींनी मलाही भांडी आणून दिली आणि मी माझ्या खिडकीत ती मांडली.

राहिली घरच्यांची गोष्ट. माझी आई परवानगी द्यायला तयार नव्हती आणि वडील काहीच बोलत नव्हते. त्यांना क्रेडिट आणि व्हिसा यांविषयी सांगून काही उपयोग झाला नाही; कुठे राहणार, कोणासोबत, रात्री किती वाजता परतणार, हे सांगितल्यावर आईचा विरोध मावळला. तुम्हीही खोलीचा पत्ता, रस्त्याची छायाचित्रे आणि तासांचे वेळापत्रक त्यांच्यासमोर ठेवा. फोनची वेळ ठरवून घ्या, कारण उन्हाळ्यात साडेतीन आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार तासांचा फरक पडतो. आमच्याकडे केळीची बाग आहे, म्हणून वडिलांनी पहिल्याच फोनवर तिथे केळी काय भावाने मिळतात हे विचारले. मी दुकानात जाऊन पाहिले: किलोला दोन युरोंच्या आसपास, आणि चिकटवलेल्या कागदावर मार्टिनिक, कोत दिव्हुआर अशी नावे, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्याच दूरच्या मुलुखांतून आलेली. तेव्हापासून दर रविवारी ते भाव विचारत, घड केवढा, साल किती जाड, पेट्या कशा भरतात हे विचारत, आणि त्यांची उत्तरे देता यावीत म्हणून मी भाजीबाजारातल्या विक्रेत्याला फ्रेंचमधून तेच प्रश्न विचारू लागले. महिनाभराने तो विक्रेता मला पाहताच आपण होऊन नवी पेटी उघडून दाखवू लागला.