ताई, एम.एड. करू का एम.ए. एज्युकेशन?

मे-जून आला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. विचारणारे शिक्षक असतात, पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेली, एकतर पर्यवेक्षकपद जवळ आलेलं असतं नाहीतर इंग्लिश मीडियमच्या शाळेत नुकतंच अकॅडमिक को-ऑर्डिनेटर केलेलं असतं, आणि मग ताई एम.एड. करू का मुक्त विद्यापीठातून एम.ए. एज्युकेशन, का इग्नूचं काही, आणि या वयात झेपेल का. खरं तर मी समुपदेशक, करिअर गाइडन्सवाली नाही, माझ्याकडे लोक झोप लागत नाही म्हणून येतात, पण शिक्षकांची झोप बऱ्याचदा याच प्रश्नावर उडालेली असते. म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि त्यांना विचारूनच लिहितेय.

या मॅडम तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या. सेवाज्येष्ठतेने पुढच्या जूनला पर्यवेक्षकपद त्यांच्याकडे येणार हे जवळपास ठरलेलं. पहिल्याच भेटीला जाडजूड फाइल घेऊन आल्या. बी.एस्सी. बी.एड., वर शालेय व्यवस्थापनाची पदविका, ऑनलाइन कोर्सेसची सर्टिफिकेटं, तीसुद्धा लॅमिनेट केलेली, आणि शेवटी हाताने आखलेला तक्ता, कुठलं विद्यापीठ, फी किती, किती वर्षं, शेवटची तारीख.

"यातलं कोणतं करू?"

"तुमचा कल कुठे आहे?"

"तेच कळत नाहीये ना ताई, म्हणून तर आले."

मी पहिल्या भेटीत कोर्स सुचवत नाही. कार्ल रॉजर्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांना वाचून घडलेली मी, माझं म्हणणं असं की माणसाला त्याचं उत्तर बऱ्यापैकी माहीत असतं, समोरच्याने मापं न काढता ऐकून घेतलं की ते हळूहळू वर येतं. माझ्या ओळखीतले काहीजण याला वेळखाऊ म्हणतात, म्हणू देत, मला अजून तरी ही वाट सोडावीशी वाटलेली नाही.

तर दोन-तीन भेटी मॅडम बोलत राहिल्या. मुलाची बारावी, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, मिस्टर म्हणतात आता कशाला, रजा मिळेल का. सगळं खरंच होतं, पण हे सांगताना त्यांचा आवाज अगदी स्थिर असायचा, आणि स्टाफरूमचा विषय निघाला की मात्र वाक्य अर्ध्यातच सोडून द्यायच्या. मग एक दिवस मी विचारलं, "समजा डिग्री आज हातात आली. सोमवारी पहिल्या तासाला कुणाच्या वर्गात जाऊन बसाल?"

"नवीन आहेत त्यांच्या. शिक्षणसेवक आहेत दोघं."

"आणि कुणाच्या वर्गात नाही जाणार?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "आमचे एक सर आहेत. रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलीत. मी त्याच शाळेत शिकलेय, दहावीला ते मला इतिहासाला होते."

"मग?"

"मग काय ताई, त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी त्यांच्याबद्दल लिहिणार काय?"

"काय लिहाल?"

"चुकाच लिहायच्या ना. पाठ निरीक्षण म्हणजे दुसरं काय असतं?"

इथे मी थांबले आणि त्यांनाही थांबू दिलं. पूर्ण केस या एका वाक्यात होती असं मला आजही वाटतं. पाच विद्यापीठांचा तो तक्ता कशासाठी होता? ज्या माणसाने आपल्याला शिकवलं त्याच्या चुका काढायचा परवाना कुठून मिळेल, त्यासाठी. एम.एड. झालं की मिळेल, नाही मिळाला तर पीएच.डी. झाली की. मी असे बरेच शिक्षक पाहिलेत, डिग्री वाढत जातात आणि भीती आहे तिथेच असते.

आणि त्यात मॅडमचा दोष नव्हता. आपल्याकडे वर्गात मागे कुणी येऊन बसलं म्हणजे तपासणी, हे डोक्यात पक्कं बसलंय. बी.एड.च्या सराव पाठाला मागे बसलेले मार्गदर्शक, मग मुख्याध्यापकांचं लॉगबुक, मग पॅनल तपासणी, आणि शेरा ठरलेला, 'पाठ समाधानकारक, फलकलेखनाकडे लक्ष द्यावे'. नुसतं बघायला आलेलं कुणी त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलंच नव्हतं.

मी म्हटलं, "चुका सोडा. त्या सरांच्या वर्गातलं असं काय आहे जे तुम्हाला खरंच जाणून घ्यायचंय?"

लगेच उत्तर आलं. "मुलं त्यांना प्रश्न विचारतात. इतिहासात! माझ्या वर्गात कुणी तोंड उघडत नाही, वर्षानुवर्षं बघतेय मी."

"मग हे त्यांना सांगितलंत कधी?"

मॅडम हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळ्यात पाणी. पुढच्या भेटीपर्यंत त्या सरांशी बोलून आल्या होत्या. सर म्हणाले, "ये की बस, पण आधी मी तुझ्या वर्गात येतो, मला बीजगणित कधी कळलं नाही." आले, बसले, आणि नंतर एकच गोष्ट सांगितली, तू प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देऊन टाकतेस, पोरांना तेवढा वेळच मिळत नाही.

आता हे जे झालं त्याला सुपरव्हिजनच्या अभ्यासात चांगली जुनी परंपरा आहे. अमेरिकेत हार्वर्डमध्ये १९५० च्या दशकात मॉरिस कोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकाऊ शिक्षकांसोबत काम करताना ही पद्धत घडवली, तिला क्लिनिकल सुपरव्हिजन म्हणतात. पाठाआधी दोघांनी बसून काय बघायचं ते ठरवायचं, मग फक्त तेवढंच बघून जसंच्या तसं टिपायचं, आणि नंतर ते कागद मधे ठेवून बोलायचं, शेरा नाही. मी माझ्या खोलीत जे करते त्याच्या हे इतकं जवळचं आहे की मला तर ही समुपदेशनाचीच सख्खी बहीण वाटते.

मग डिग्री नकोच का? तसं अजिबात नाही. पण या टप्प्यावर कोर्सचा प्रश्न साधा होतो. सगळ्यांना सांगते तेच इथे लिहिते.

अनुदानित शाळेत पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापक होणं हे खाजगी शाळांसाठीच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार मुख्यतः ज्येष्ठतेवर चालतं, एम.एड. केलं म्हणून कुणी रांग मोडून पुढे जात नाही. खाजगी इंग्लिश मीडियमच्या शाळांमध्ये मात्र को-ऑर्डिनेटरची जागा भरताना डिग्री बघतात. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, डाएटचे म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे अधिव्याख्याता यांचे भरतीचे नियम वेगवेगळे आहेत, तिथे एम.एड. आणि एम.ए. एज्युकेशन एकच धरून चालू नका, जाहिरात नीट वाचा.

एम.एड. हे एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमांनंतर दोन वर्षांचं झालं, वर्षाला किमान २०० दिवस, थिअरीला ८० टक्के आणि फील्डवर्कला ९० टक्के हजेरी. म्हणजे रजा न काढता रेग्युलर एम.एड. होत नाही. 'फक्त परीक्षेला या' सांगणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, फी जाते आणि शिकणं काहीच होत नाही. नोकरी सांभाळून करायचं तर मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूचं एम.ए. हा सरळ रस्ता आहे. पण कुठेही घ्या, आधी सिलॅबस मागवून बघा, अभ्यासक्रम विकसन आणि पर्यवेक्षण यावर खरंच पेपर आहेत का, आणि प्रोजेक्ट स्वतःच्या शाळेत करता येतो का. नुसते शिक्षणाचे तत्त्वज्ञ पाठ करायचे असतील तर कामाच्या दृष्टीने फार काही हाती लागणार नाही.

एक प्रश्न हमखास येतो, पुस्तक बालभारतीचं, पेपर बोर्डाचा, मग आमच्या हातात अभ्यासक्रम उरतोच कुठे? मॅडमनी पण विचारलं होतं. राल्फ टायलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४९ मध्ये अभ्यासक्रमाबद्दल चार प्रश्न मांडले, साध्य काय करायचंय, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते कसे लावायचे आणि साध्य झालं हे कशावरून ओळखायचं. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी वरून येतं, मान्य. पण बाकीच्या तिन्हींचा मोठा भाग वार्षिक नियोजनात, घटक चाचणीच्या पेपरात आणि कुठला वर्ग कुणाला द्यायचा यात असतो, आणि तिथे आपल्याकडे मागच्या वर्षीचं नियोजन तारखा बदलून पुढे ढकलतात! पर्यवेक्षकाचं खरं काम इथे पडलेलं आहे.

मॅडमनी शेवटी एम.ए. एज्युकेशनला प्रवेश घेतला. प्रोजेक्टला विषय घेतलाय आठवी आणि नववीचे गणित शिक्षक बीजगणित एकमेकांशी न बोलता शिकवतात त्याचं काय होतं. जूनपासून पर्यवेक्षकही झाल्या, आणि पहिलं काम काय केलं तर निरीक्षणाच्या फॉर्ममधला शेऱ्याचा रकाना काढून टाकला. मुख्याध्यापक म्हणाले मॅडम, तपासणीला फॉर्म लागतो, असं चालणार नाही. थोडी वादावादी झाली, आता दोन कागद असतात, एक फाइलला लावायला शेऱ्यासकट आणि एक बोलायला. फाइलवाला कागद मॅडम शनिवारी शाळा सुटल्यावर एकदम भरून टाकतात.