घरातली धूळ फेव्हिकॉलमध्ये कालवून चित्र केलं तर टिकेल का?

तुम्ही विचारलंय की व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत वर्षभराची धूळ साठली आहे, ती फेव्हिकॉलमध्ये कालवून कॅनव्हासवर लावली तर टिकेल का, बुरशी येईल का, आणि वरून कोणतं फिक्सर, म्हणजे धूळ जागेवर धरून ठेवणारा फवारा, मारावं.

टिकेल. पण करू नका. कोरडी धूळ फिकी, मऊ दिसते ती कणांमधल्या हवेमुळे. तिथे उजेड विखुरतो. त्या फटींत फेव्हिकॉल भरला की उजेड आत शिरतो आणि रंग एकदम काळवंडतो. फेव्हिकॉल वाळून पारदर्शक झाला तरी गेलेली हवा परत येत नाही. त्यात आपल्या इंदूरच्या धुळीत माळव्याची काळी माती असते. ती ओली झाली की फुगते, वाळताना आकसते. जाड थर दिलात तर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडतील आणि खपल्या सुटतील.

खरा मुद्दा वेगळाच आहे. धूळ गोळा करायची वस्तू नाही, बसू द्यायची वस्तू आहे. पंख्याखाली विरळ, कपाटामागे दाट, कॅलेंडर टांगलं होतं तिथे मोकळा चौकोन, हे तिचं रेखाटन. पिशवीत ते सगळं ढवळलं जातं आणि उरतो एक फुकटचा करडा रंग, तोही हलका.

पाहायचंच असेल तर काच ठेवा. रामबागेतल्या एका जुन्या घराच्या माळ्यावर ऑक्टोबर ते मार्च मी अशी एक काच ठेवली होती. तिच्यावर जे जे चुकलं ते सगळं सांगतो, कारण तुमच्याही हातून तेच चुकेल.

काच 4 मिलिमीटर जाडीची, 12 बाय 18 इंच. आधी भांड्याच्या साबणाने, मग स्पिरिटने पुसून घ्यायची. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथली धूळ घट्ट चिकटते आणि शेवटी नेमका तो ठसाच चित्रात उमटतो. काच लेव्हलमध्ये हवी. आकारासाठी वर झाकण लागतं, त्याला स्टेन्सिल म्हणा. पहिलं ओएचपी शीटचं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाचं होतं, ते फुकट गेलं. प्लास्टिकवर स्थिर वीज साठते, कडेची धूळ प्लास्टिककडे ओढली जाते आणि रेघ विरते. दुसरं कार्डशीटचं. तिसऱ्या आठवड्यात कोपरे वळले, खालून हवा शिरली आणि धूळही. तिसरं ऑफसेट प्रेसमधल्या वापरलेल्या अॅल्युमिनियम प्लेटचं, तेच चाललं. साध्या कात्रीने कापलं जातं, सपाट राहतं. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर प्लेट उचललेली राहते आणि तेवढ्या फटीतून धूळ आत जाते.

प्लेट उचलायची सोय आधीच करा. दोन टोकांना दोऱ्याचे फास चिकटवून ठेवा. प्लेटवरही पाच महिन्यांची धूळ बसलेली असते. ती जराही तिरकी झाली तर सगळी मोकळ्या जागेवर सांडते. दोन्ही फास एकदम धरून सरळ वर. सरकवलीत तर संपलं.

ऑक्टोबर ते मार्चच का? पावसाळ्यात दमट हवेने धुळीच्या गुठळ्या होतात. एप्रिल-मेच्या वाऱ्यात शेतातली जाड माती येते, ती भराभर बसते पण तिच्यात घर नसतं. हिवाळ्यात पांघरुणं, शाली, गाद्या बाहेर निघतात, कापसाचे तंतू आणि कातडीचे कण हळूहळू उतरतात. ही घराची धूळ. स्वयंपाकघरात काच ठेवू नका. फोडणीचं तेल मिसळून चिकट थर होतो आणि पुढे पिवळा पडत जातो. माझ्या काचेवरून एक पाल गेली होती. पावलं आणि मधोमध शेपटीची वळणदार रेघ. ती मी ठेवली, तुम्हीही ठेवा.

आता फिक्सर. स्प्रेच्या डब्याची नळी वरून रोखून फवारा मारलात तर धूळ उडते, हे सगळ्यांचं होतं. सियागंज बाजारात फर्निचर पॉलिशचा चपडा, म्हणजे लाख, मिळतो. 2 ग्रॅम पांढरा चपडा 100 मिलिलिटर स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवा आणि मलमलीतून गाळा. काचेवर नाही, काचेच्या दोन फूट वर हवेत आडवा फवारा मारा आणि तुषार आपोआप उतरू द्या. असे चार-पाच हलके हात, मध्ये पंधरा मिनिटं. थेंब जाड पडला तर त्याजागी खळगा होतो, तो भरून निघत नाही. देव्हाऱ्यातला दिवा आधी शांत होऊ द्या, स्पिरिट लगेच पेटतं.

मला मात्र दुसरी रीत जास्त पटते. फ्लेक्सच्या दुकानात कोल्ड लॅमिनेशनची फिल्म मिळते. तिची चिकट बाजू धुळीवर एका कडेपासून रबरी रोलरने टेकवत न्या, एकदाच. उचला आणि काळ्या मॅट बोर्डवर बसवा. रंग किंचित गडद होतो, कालवण्याइतका नाही. लांब केसाशी बुडबुडा राहिला तर सुईने टोचा. हे काम एप्रिलच्या कोरड्या हवेत करा, म्हणजे आत ओल अडकत नाही. तुमच्या बुरशीच्या प्रश्नाचं उत्तरही तेच: ओल. फेव्हिकॉलचा जाड थर जुलैत वाळवाल तर बुरशी येऊ शकते. धूळ आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवली तर किडे मरतात, बुरशी मरत नाही.

कलाशिक्षक वर्षानुवर्षं सांगत आलेत की धूळ हे फक्त माध्यम, गाळा, डिंकात घोटा, हवं ते रंगवा. हे मला कधीच पटलं नाही. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने ‘द लार्ज ग्लास’ या आपल्या कलाकृतीची मोठी काच न्यूयॉर्कच्या स्टुडिओत कित्येक महिने आडवी पडू दिली, 1920 मध्ये छायाचित्रकार मॅन रेने त्या धुळीचा फोटो घेतला, आणि नंतर द्युशाँने काचेवर काढलेल्या काही शंकूंमधली धूळ तिथल्या तिथे वार्निशने बसवून बाकीची पुसून टाकली. तुमची बाजू घेऊन कुणी शू बिंग या चिनी कलाकाराचं नाव घेईल, कारण त्याने 2001 च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमधली धूळ गोळा केली होती. केली. पण 2004 मध्ये वेल्समधल्या प्रदर्शनात ती त्याने खोलीत उडवली आणि जमिनीवरच्या अक्षरांवर पुन्हा बसू दिली. डिंक नाही, ब्रश नाही. आपल्या अंगणातल्या रांगोळीलाही कुणी गोंद लावत नाही, आणि तिला चित्र म्हणायला कुणाची हरकत नसते. पिशवीतली धूळ वाया जाऊ द्यायची नसेल तर मैद्याच्या चाळणीतून काचेवर वरून अलगद झटका. काम महिन्यांऐवजी तासाचं होईल, पण निदान ती बसलेली असेल.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. 2017 च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाखात 90 भाग) आहे; त्याआधीचा ऑइलपेंट खरवडलेली किंवा घासलेली धूळ घेऊ नका, जुन्या सिमेंटच्या पत्र्याखालची तर नकोच, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. पिशवी फोडताना एन-95 मास्क लावा, घरात कुणाला दमा असेल तर गच्चीवर फोडा, आणि त्यासाठी वारा नसलेली सकाळ निवडा.